चौथ्या गुरुजींचे बोट

चूक कोणाच्याही हातून होते. परंतु चूक होण्यापूर्वीच तिची चोख व्यवस्था लावून ठेवणे हे फक्त थोर संस्कृतीलाच जमते. आमच्या प्राचीन कर्मकांडाच्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. विधी कसा करावा हे सांगणारा पहिला भाग बोटभर जाडीचा आहे. विधी चुकला तर काय करावे हे सांगणारा दुसरा भाग उशी म्हणून डोक्याखाली घेता येईल एवढा आहे. (काही गुरुजी घेतातही.)

हा ग्रंथ चालवायला चार गुरुजी लागतात. पहिले म्हणतात, दुसरे करतात, तिसरे गातात आणि चौथे गप्प बसतात. चौथ्यांचा मान सर्वांत मोठा, कारण उरलेल्या तिघांच्या चुका त्यांनी बसल्या जागी पकडायच्या असतात. चूक दिसली की बोट वर करायचे. बोलायचे मात्र नाही, कारण त्यांनी मौन मोडणे हीच एक मोठी चूक आहे. (आमच्या ऑफिसातही हीच पद्धत आहे, फक्त गप्प बसणारे पुष्कळ आहेत आणि बोट कोणीच वर करत नाही.)

तर काकांनी घर घेतले. भिंतीत खिळा ठोकू का, असे घरमालकाला विचारता विचारता म्हातारा झालेला हा माणूस. स्वतःच्या छताखाली, स्वतःच्या पंख्याखाली एकदा ताणून द्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती. भाड्याची खोली सोडून झाली होती. कपाट, पलंग, गाद्या, सगळे नव्या घराच्या अंगणात उतरवून ठेवले होते. नियम साधा होता: विधी निर्दोष पार पडेपर्यंत यजमानाने उंबरा ओलांडायचा नाही.

सकाळी विधी सुरू झाला आणि पहिल्या गुरुजींना शिंक आली.

साधा माणूस इथे नाक पुसून मोकळा झाला असता. ग्रंथ एवढा उथळ नाही. त्यात शिंकेचे चार प्रकार दिले आहेत: कोरडी, ओली, दाबलेली आणि दुसऱ्याची पाहून आलेली. (दुसऱ्याची पाहून जांभई येते, शिंक नाही, अशी शंका मी काढली. शंका काढणाऱ्यासाठीही एक प्रकरण आहे, असे समजले.) गुरुजींची शिंक ओली ठरली. तिचे प्रायश्चित्त चालू असताना दुसऱ्या गुरुजींच्या पळीतून तूप सांडले. म्हणून प्रायश्चित्तातल्या चुकीचे प्रायश्चित्त सुरू झाले. त्यात तिसऱ्या गुरुजींचा सूर घसरला. दुपारपर्यंत आम्ही मूळ विधीपासून इतके लांब आलो होतो की विधी कशाचा आहे, हे काकांनाच विचारावे लागले. काकांनी "घराचा" असे नम्रपणे सांगितले आणि सांगता सांगता जांभई दिली.

यजमानाच्या जांभईला उपाय एकच. पहिल्यापासून.

संध्याकाळी सगळे कसेबसे शेवटच्या आहुतीशी आले. काकांनी उंबऱ्यासमोर उभे राहून पाय उचलला. (उजवा.) आणि चौथ्या गुरुजींनी बोट वर केले.

काकांचा पाय हवेतच राहिला. मला त्यांची फार दया आली. पाठीत उसण भरलेली, डोळे धुराने लाल आणि दार समोर सताड उघडे.

"काय चुकलं?" पहिल्या गुरुजींनी विचारले. चौथ्यांनी बोट घशाकडे नेले. म्हणजे उच्चार चुकला. सगळा पाठ पुन्हा झाला. पुन्हा बोट वर. या खेपेला ते पाण्याच्या भांड्याकडे गेले. म्हणजे पाणी कमी पडले. भांडे काठोकाठ भरून तोही भाग पुन्हा झाला. शेवटी चौथ्या गुरुजींनी डोळ्यांत पाणी आणून चक्क हात जोडले. तेव्हा देव कोपला आहे यावर तिघांचे एकमत झाले आणि जाड भाग शेवटच्या बाजूने उघडण्यात आला.

तेवढ्यात काकूने चहाचा कप चौथ्या गुरुजींच्या हातात ठेवला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि बोट खाली गेले. (बाकीच्यांना दिवसभरात तीनदा चहा मिळाला होता. "हवाय का?" या प्रश्नाला चौथ्यांना हो म्हणता आले नव्हते.)

"हा चहा आला कुठून?" पहिल्या गुरुजींनी विचारले. तीन कप पिऊनही हा प्रश्न तोवर कोणाला पडला नव्हता.

"स्वयंपाकघरातून."

"कोणाच्या?"

"आमच्याच की. मला हातावर हात धरून बसून कसं चालेल? सकाळपासून मागच्या दाराने जातेय-येतेय. मघाशी गाद्याही आत ओढल्या, दव पडेल म्हणून."

विधीआधीच गृहप्रवेश! दोन्ही भाग उलटेपालटे चाळून झाले. पत्नीचा उल्लेख एकाच ठिकाणी सापडला: तिने यजमानाच्या हाताला हात लावून बसावे. ती उठून गेली तर काय, यावर अक्षर नाही. (ग्रंथकर्त्याच्या घरीही कोणीतरी उठून जेवणाचे बघतच असणार.) आणि शास्त्र याबाबत अगदी स्पष्ट आहे. जिला प्रायश्चित्त नाही ती चूकच नाही. म्हणजे सबंध दिवसात निर्दोष असे एकच कृत्य घडले होते आणि ते काकूने केले होते.

"अहो, मागून या," काकू म्हणाली. "पंखा लावलाय."

"पण यजमान, पुढचं दार..."

"पुढच्या दाराचं तुम्ही बघा, गुरुजी. होऊ द्या सावकाश."

काकांना एवढे ठाम बोलताना मी जन्मात ऐकले नव्हते. ते घराला वळसा घालून गेले आणि थोड्याच वेळात आतून घोरणे ऐकू आले. (घोरणाऱ्या यजमानाचे प्रकरण ग्रंथात आहे. पण ते बसून घोरणाऱ्याचे.) मला इतका आनंद झाला की मी पहिल्या गुरुजींनाच टाळी देणार होतो.

पुढच्या दाराचे काम अजून चालू आहे. आम्ही सगळे मागून ये-जा करतो. पोस्टमनलाही सवय झाली आहे.

ही हकिकत मी ज्यांना ज्यांना सांगितली ते पोट धरधरून हसले. सगळी शिकलीसवरली, विचारी माणसे. काकूचे तर प्रत्येकाने तोंड भरून कौतुक केले. मग निघताना, चपला पायात सरकवता सरकवता, आवाज खाली आणून प्रत्येकाने चौथ्या गुरुजींचा फोन नंबर मागून घेतला. स्वतःचा विश्वास म्हणून नव्हे, घरच्यांच्या समाधानासाठी.

तुम्हीही हसलात, हे उत्तम झाले. नंबर इथे छापत नाही. आजूबाजूला कोणी नसेल तेव्हा विचारा.