रविवारी अकराला रुसणारा गेम

"एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात मी! सातव्या मजल्यावर अडकलेली माणसं हसत हसत खाली उतरवलीत. आणि हा एवढासा गेम माझ्यापुढे टिकणार?"

असं म्हणून मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या आणि त्यांची बायको चटकन कॉम्प्युटरच्या आड येऊन उभी राहिली. मागच्या वेळी या बाह्या सरसावल्या होत्या, तेव्हा धुण्याचं मशीन चालत चालत बाल्कनीत जाऊन उभं राहिलं होतं!

झालं होतं असं. त्यांची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात नर्स होती. फोनवर तिची दोनच वाक्यं. "बरी आहे," आणि "ठेवते, ड्यूटी आहे." पण सहा महिन्यांपूर्वी सुट्टीला आली, तेव्हा तिने आईच्या कॉम्प्युटरवर शेतीचा एक गेम टाकून दिला. दर रविवारी सकाळी अकराला मायलेकी आपापल्या घरून एकाच शेतात उतरायच्या. कोंबड्यांना दाणे, भोपळ्यांना पाणी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू! भोपळ्याला पाणी घालता घालता पोरगी जे बोलायची, ते फोनवर जन्मात बोलली नसती. वॉर्डात कोण डाफरलं, कुठला पेशंट तिचा हात धरून झोपला, खोलीवर एकटीने जेवताना घास कसा फिरतो, सगळं.

आणि दोन महिन्यांपासून हाच गेम रुसला होता. कायमचा रुसला असता तर एक वेळ चाललं असतं. पण एका रविवारी टुणकन उघडायचा आणि दुसऱ्या रविवारी पडदा काळा करून गडप व्हायचा!

"कधी चालतो, कधी नाही? लूज काँटॅक्ट!" मिस्त्रींनी निदान केलं. कॉम्प्युटर उघडला, आत जोरात फुंकर मारली. सगळी धूळ बायकोच्या चहात. वायरी आवळल्या, प्लग बदलला.

अकराला गेम गडप! आणि दुपारी मिस्त्री आंघोळीला गेलेले असताना बायकोने सहज दाबून पाहिलं, तर टुणकन! पण तोवर पोरगी ड्यूटीवर.

"मला घाबरून उघडला असणार," बाथरूममधून बाहेर येत मिस्त्री म्हणाले.

"तुम्हाला घाबरूनच उघडत नसेल," बायको म्हणाली.

मग मिस्त्रींनी वही घातली. छुपा बिघाड पकडायचा तर नोंद हवी, हा लिफ्टचा नियम! गेम उघडला नाही त्या प्रत्येक रविवारी काय काय होतं, ते आठवून आठवून लिहून काढलं. फ्रीज चालू होता. पंखा चालू होता. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीचं मशीन घरघरत होतं. बायकोच्या पायात चपला होत्या. संशयित चार!

ते खाली गेले.

"रविवारी अकरा ते साडेअकरा मशीन बंद ठेवाल का?"

"का हो?"

"वर कोंबड्या उपाशी राहतात."

गळ्याच्या जागी बाही लावलेल्या सदऱ्याकडे पाहावं, तसं शिंपिणीने त्यांच्याकडे पाहिलं. पण भली बाई, "ठेवते" म्हणाली.

रविवार उजाडला. सकाळपासूनच फ्रीज बंद, पंखा बंद, शिंपीण गप्प. बायको अनवाणी, घामाघूम, कॉम्प्युटरपुढे. दूध नासायच्या बेतात.

"दाब!" दारातून मिस्त्रींनी हुकूम सोडला.

पडदा काळा. गेम गडप!

बायकोचे डोळे भरून आले. "राहू द्या हो. तीन आठवडे झाले, पोरीशी धड बोलले नाहीये मी."

मिस्त्रींच्या हातातला पेचकस आपोआप खाली आला. तेवढ्यात मुलीचाच फोन. बायकोने तो स्पीकरवर टाकला आणि हुंदका देत म्हणाली, "आजही गडप गं!"

"आई, रडू नकोस. आवाजाच्या गडबडीने हा गेम बंद पडतो, असं मी आत्ताच वाचलंय. आवाजाच्या सेटिंगमध्ये जा. आवाज कुठे जातोय, काय लिहिलंय?"

बायकोने चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं. "लिहिलंय... बाबांचा कान."

"काय?"

"बाबांचा कान! असंच लिहिलंय गं."

"अगं, ते त्यांचं ऐकायचं मशीन! माझे व्हिडिओ कॉल नीट ऐकू यावेत म्हणून मीच जोडलं होतं, नावही मीच दिलं. गेमला ते झेपत नसणार, म्हणून बंद पडतोय! पण ते चालू कसं? बाबा तर घालतच नाहीत ना?"

बायको सावकाश वळली. मिस्त्रींचा हात उजव्या कानावर गेला होता. 'माझे कान खणखणीत आहेत' असं सहा महिने ठणकावून सांगणारे मिस्त्री!

"अहो, तुम्ही घालता?"

"दोन महिने झाले, फक्त रविवारी. तेही चार्ज करायचं लक्षात राहिलं तर."

"आणि जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसतो, त्याचं काय?"

"माझ्याशी ती नुसतं 'बरी आहे' म्हणते," मिस्त्री पुटपुटले. "तुझ्याशी बोलते ते दाराआडून ऐकावं म्हटलं."

 फोनवरून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, दाराआडून कशाला? खुर्ची घ्या आणि बसा ना आईजवळ."

आवाजाच्या यादीतून बाबांचा कान काढला, मिस्त्रींच्या कानातला मात्र तसाच राहिला. गेम टुणकन उघडला! बायकोने मोठ्या मनाने माउस मिस्त्रींच्या हाती दिला आणि सोपंसं काम सांगितलं. दाणे टाकायचे आणि खुराड्याचं फाटक लावून घ्यायचं.

मिस्त्रींनी दाणे टाकले. फाटक विसरले. एक कोल्हा आला आणि अकराच्या अकरा कोंबड्या घेऊन गेला!

"अहो! सहा महिने वाढवल्या होत्या त्या!" बायको किंचाळली.

आणि पलीकडे पोरगी हसायला लागली. थांबेचना. हसता हसता खोकली, पुन्हा हसली. लहानपणी हसायची तशी. ते हसू मिस्त्रींनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि आज अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.

बायको बुधवारपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. गुरुवारी तिने नव्या कोंबड्या घेतल्या.

रविवारी फाटक पुन्हा उघडं राहिलं. चुकून, असं मिस्त्री म्हणतात.