एफ-वनचा मान

सभेवाचून घेतलेला निर्णय बरोबर असू शकतो. पण त्याला निर्णय म्हणता येत नाही. वसईच्या उदयाचल मुद्रण सहकारी संस्थेला हे तत्त्व स्थापनेपासून ठाऊक होतं. म्हणूनच १९९८ साली तिथे संगणक आला तेव्हा त्याच्यामागोमाग एक उपसमितीही आली.

संगणकावर विनया बसायची, तीन वर्षं, रोजंदारीवर. लग्नपत्रिकेवर श्री हवा असो वा क्रूस, तिची बोटं आल्टची कळ दाबून चार आकडे मारत आणि दोन सेकंदांत चिन्ह पडद्यावर हजर होई. आकड्यांची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला डकवलेली होती, ती रजेवर असेल तेव्हा इतरांसाठी. (ती कधी रजेवर गेली नाही. रोजंदारीत रजा नसते, खाडा असतो.)

२००१च्या जूनमध्ये तिने कायम करण्याचा अर्ज दिला. तो कार्यक्रमपत्रिकेवर विषय क्रमांक दोन म्हणून लागला. विषय क्रमांक एक होता, ‘विशेष चिन्हांसाठी सोपी कळ ठरवणे’.

अध्यक्ष चंद्रहासराव एव्हरशाईन सिटी या वसाहतीत राहत. मुंबईच्या एका कचेरीतून निवृत्त झाल्यामुळे त्यांच्याकडे वेळ आणि मुद्दे दोन्ही भरपूर होते. त्यांनी कीबोर्ड काढून सभेच्या टेबलावर मधोमध ठेवायला लावला. (त्या दिवशी काम बंद राहिलं.)

“एफ-वन ही पहिली कळ. पहिला मान श्रींचा. यात चर्चा कसली?”

चर्चा नऊ महिने पुरली. भुईगावचे प्लासिडभाऊ म्हणाले, “नाताळ झाला की निम्म्या पत्रिका आमच्याच असतात. क्रूस दुसऱ्या नंबरावर ठेवून मी फादरना तोंड कसं दाखवू?”

खाडीकाठचे शेतकरी रामनाथदादा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “आनि आमचा नारळ कोन बघनार? नारळाबिगर कुठलं काम सुरू होतं?”

संगणकात नारळाचं चिन्हच नाही, असं विनयाने हळूच सांगितलं. तिला सभेत बोलायचा अधिकार नव्हता. ती चहा द्यायला आली होती. (इतिवृत्तात याची नोंद ‘दारातून आवाज आला’ अशी आहे.)

नऊ सभा झाल्या. चहा एकशे चौदा कप, सभात्याग दोन, दिलगिरी एक. एफ-वन दाबलं की सॉफ्टवेअरची मदत उघडते, हे सहाव्या सभेत उघडकीस आलं. मदत एकमताने एफ-बारावर हलवण्यात आली. प्रत्येक सभेच्या शेवटी विषय क्रमांक दोन वेळेअभावी पुढे जाई. “पुढल्या महिन्यात नक्की,” विनया घरी आईला सांगे. तिला खरंच तसं वाटायचं, याचंच जास्त वाईट वाटतं.

दहाव्या सभेत तोडगा निघाला. एफ-वन श्रींना दिलं तर प्लासिडभाऊ दुखावतात, क्रूसाला दिलं तर चंद्रहासराव. नारळाने कोणीच दुखावत नाही. एफ-वन नारळाला मिळालं. श्री आणि क्रूस यांचा मान सारखा राहावा म्हणून दोघांनाही कळ नाही, जुने चार आकडेच. नारळाचं चिन्ह नसल्यामुळे एफ-वन दाबल्यावर रिकामा चौकोन उमटतो, पण एका बोटात उमटतो. टाळ्या झाल्या.

प्रथमच वेळ उरला. विषय क्रमांक दोन निघाला.

“विनयाताई, आता काम एका कळीवर आलंय,” चंद्रहासराव मायेने म्हणाले. “एका बोटाच्या कामाला कायमचं माणूस कसं ठेवणार?”

“पोरगी गुनाची हाय,” रामनाथदादा म्हणाले, “पन ठराव म्हंजे ठराव.”

अर्ज एकमताने नामंजूर झाला. विनयाने कपबशा उचलल्या, विसळल्या आणि प्लासिडभाऊंच्या लेकीची, रोझमेरीची लग्नपत्रिका लावायला बसली. आल्ट, चार आकडे. क्रूस दोन सेकंदांत उमटला.

वाचकहो, हसलात, बरं वाटलं. गेल्या रविवारी तुमच्या सोसायटीच्या सभेत फाटकाच्या रंगावर तुम्ही पंचवीस मिनिटं बोललात आणि रखवालदाराच्या आठवड्याच्या सुट्टीचा विषय वेळेअभावी पुढे गेला. इतिवृत्तात अनुमोदक म्हणून तुमचं नाव आहे. रखवालदाराचं नाव तिथे कोणालाच सांगता आलं नाही.