सहा सिलिंडर आणि एक तोफ

माणूस किती पुढे गेला याला फारसं महत्त्व नाही. तेवढं पुढे जायला त्याने किती जाळलं, याला आहे. हे सत्य जगाला अजून पुरतं उमगलेलं नाही. एका घराला मात्र उमगलं, आणि त्या घराने ते कागदावर टाइप करून, खाली सही ठोकून, फ्रिजवर चुंबकाने लावून टाकलं.

त्या घरातले बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. म्हणजे दुकानदाराच्या तराजूत दहा ग्रॅमची खोट निघाली की तराजू जप्त करणारे, आणि पाच लिटरचं प्रमाणित माप हातात घेऊन पेट्रोलपंपावर शिरले की पंपवाल्याला घाम फोडणारे. अशा सरळमार्गी माणसाने आयुष्यात एकदाच मोह केला. सेकंडहँड, काळी, लांबलचक, सहा सिलिंडरची सेडान घेतली. इंजिन मांजरासारखं गुरगुरायचं आणि हत्तीसारखं प्यायचं. डॅशबोर्डवर एक हिरवा आकडा होता: एका लिटरमध्ये सरासरी किती किलोमीटर. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, सात पूर्णांक आठ.

तो आकडा मामाने पाहिला. (मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. स्वतःकडे काडेपेटीएवढी गाडी, पण मिशी अशी की गाडीत बसताना आधी ती आत घ्यावी लागे.)

"दाजी, सहा सिलिंडर म्हणजे सहा तोंडं," मामा म्हणाला. "सगळ्यांना पोटभर घालताय ना? माझी बघा, एका लिटरला बावीस. नुसत्या वासावर चालते."

"गाडी वाईट नसते, चालवणारा बेशिस्त असतो," बाबा म्हणाले. "रोजच्या वापरात हिच्यावर चौदा दाखवले तर?"

"तर मिशी उतरवतो!"

बाबांनी ताबडतोब कागद काढून हे लिहून घेतलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि साक्षीदार म्हणून आपल्या लेकीची सही घेतली. घरातलं सुखाचं आयुष्य त्या सहीपाशी संपलं.

लेक दहावीत होती. शाळेत तिला तोफ म्हणत, कारण ती गोळा फेकायची. तीन किलोचा लोखंडी गोळा मानेशी धरून, एक गिरकी घेऊन ती असा भिरकावायची, की मोजपट्टी घेऊन उभ्या असलेल्या बाई आता सावधपणे दोन मीटर मागे सरकून उभ्या राहत. वर्षापूर्वीपर्यंत ही मुलगी वर्गाच्या फोटोत सगळ्यांच्या मागे लपायची. आता पुढे उभी राहायची, आणि मागच्यांना काही दिसत नाही याचं तिला मुळीच वाईट वाटत नसे.

बाबांनी फ्रिजवर लावलेली पहिली परिपत्रकं साधीच होती. ब्रेक दाबणे म्हणजे जाळलेल्या पेट्रोलचा अपमान, सबब ब्रेक टाळावा. एसी लावला तर इंजिनावर ताण येतो, काचा उघडल्या तर वारा अडतो. सबब दोन्ही बंद ठेवून घाम गाळावा (घाम गाळल्याने प्रवाशांचं वजनही घटतं, हा जादा फायदा). लाल सिग्नल दिसताच चारशे मीटर आधीपासून इतकं हळू यावं, की आपण पोचेपर्यंत तो हिरवा झालेला असेल. मागच्यांनी हॉर्न वाजवल्यास तो आनंदाचा समजावा.

आकडा दहावर आला. मग बाबांच्या लक्षात आलं, की गाडीचा खरा शत्रू म्हणजे काम. बँकेत जा, भाजी आण, आईला औषधांच्या दुकानात सोड (आई तिथे फार्मासिस्ट होती), असल्या दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापतही नाही आणि आकडा मात्र कोसळतो. सबब परिपत्रक क्रमांक पाच: दहा किलोमीटरच्या आतलं कुठलंही काम पायी करावं.

सगळी कामं दहा किलोमीटरच्या आतच होती. आई बसने जाऊ लागली. तोफ रोज चार किलोमीटर चालत सरावाला जाऊ लागली आणि चार किलोमीटर परत. बाबा स्वतः तराजूंची पेटी खांद्याला अडकवून ऑफिसला चालत जात. आणि दर रविवारी सकाळी तिघं नीट कपडे घालून गाडीत बसत, मोकळ्या महामार्गावर तीस किलोमीटर एका वेगात जात, वळत, आणि तीस किलोमीटर परत येत.

"कुठे गेला होतात?" शेजारच्या काकू विचारायच्या.

"कुठे नाही," बाबा अभिमानाने सांगायचे. "पेट्रोल वाचवायला."

थोडक्यात, जिथे जायचं असे तिथे हे कुटुंब चालत जाई, आणि जिथे जायचं नसे तिथे गाडीने. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत यालाच नियोजन म्हणत असावेत. आकडा बारावर गेला. मामा म्हणाला, हा कसला रोजचा वापर? बाबांनी त्याला समजावलं, की न वापरणं हाही वापराचाच एक प्रकार असून तो रोज केला जातो.

मग वजनाची पाळी आली. खात्याचा तपासणी काटा घरी आला आणि परिपत्रक क्रमांक सात निघालं. गाडीतून कमी केलेलं वजन: स्टेपनी, एकोणीस किलो. जॅक आणि पाना, चार किलो. पायपुसणी, दोन किलो सातशे. गाडीचं माहितीपुस्तक, सहाशे पन्नास ग्रॅम (त्यात स्टेपनी काढू नये असं छापलं होतं, पण ते पुस्तक काढल्यावर राहिलं नाही). आईची पर्स, तपासणीस नकार. सगळ्यांत मोठी चोरी पेट्रोलचीच निघाली. टाकी पूर्ण भरली की अठ्ठेचाळीस किलोचं पेट्रोल गाडीत बसून फुकट फिरतं! म्हणून यापुढे टाकीत एका वेळी पाचच लिटर, तेही मापाने. पेट्रोल संपत आल्याचा तांबूस दिवा कायमचा लागला. थोड्याच दिवसांत तो घरच्यांना शोभेचा वाटू लागला.

यादीच्या तळाशी लिहिलं होतं: जंगम वजन. पत्नी, माहिती दिली नाही. कन्या, एकाहत्तर किलो.

वर्षापूर्वी हा कागद वाचून तोफ बाथरूममध्ये जाऊन रडली असती. आता तिने लाल पेन शोधलं आणि खाली लिहिलं: "यातले एकाहत्तरच्या एकाहत्तर किलो कामाचे आहेत. तपासून पाहावे. कन्या." संध्याकाळी त्याखाली निळ्या शाईत उत्तर आलं: "नोंद घेतली. निरीक्षक." आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात: "शाब्बास."

बाबा तसे वाईट नव्हते. आकड्यावर प्रेम करणारा माणूस आणखी कुणावर करत नाही, असं नसतं. फक्त रांग लागते.

आंतरशालेय गोळाफेकीची अंतिम फेरी शनिवारी होती. बाईंनी आठवडाभर एकच गोष्ट घोकून घेतली होती. "नऊ वाजता नावं पुकारणार. नऊ म्हणजे नऊ. नाव घेतल्यावर जागेवर नसेल ती बाद. मग तू तोफ अस नाहीतर रणगाडा." या फेरीतून जिल्ह्याच्या संघासाठी तिघींची निवड होणार होती, आणि तोफेने वर्षभर, रोज आठ किलोमीटर चालून, याच एका सकाळची वाट पाहिली होती.

मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला, सतरा किलोमीटरवर होतं. म्हणजे गाडीच्या नियमात बसत होतं. त्या दिवशी आकडा तेरा पूर्णांक नऊवर येऊन थांबला होता.

आई सकाळी सात वाजताच पायांत चपला सरकवून दारात उभी राहिली. तोफेची किटबॅग तिच्या खांद्याला होती (सहा किलो दोनशे, गाडीत मनाई). "चल गं माझ्याबरोबर बसने," ती म्हणाली. "आकड्याचा भरवसा धरशील तर मैदानाऐवजी महामार्गावर पोचशील."

तोफेने खिडकीतून खाली पाहिलं. बाबांनी सहाला उठून गाडी पुसली होती. ते गाडीशेजारी, ऑफिसचा शर्ट घालून, मागचं दार उघडून उभे होते. असं दार त्यांनी आजवर फक्त वरिष्ठ साहेबांसाठी उघडलं होतं.

"आज मी सोडणार तुला," ते खालून ओरडले. "सगळा हिशेब केलाय! सतरा किलोमीटर, सव्वा लिटर. टाकीत एक पूर्णांक तीन आहे!"

"मी बाबांबरोबर येते," तोफ म्हणाली. आईने कपाळावर हात मारला आणि बस पकडली.

टायरमधली हवा तीनदा मोजून झाल्यावर सात पन्नासला गाडी निघाली, तीसुद्धा उतारावरून, इंजिन न लावता. पहिल्या सिग्नलला एका सायकलवाल्या आजोबांनी त्यांना मागे टाकलं आणि वळून सहानुभूतीने पाहिलं. दुसऱ्या सिग्नलला पावाच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "अहो साहेब, कुणाची वाट बघताय का?"

"हिरव्याची!" बाबा म्हणाले.

आठ वीसला डावीकडे पेट्रोलपंप आला. तोफ म्हणाली, "बाबा, थोडं भरून घेऊ या ना."

"अगं, थांबायचं म्हणजे ब्रेक. भरायचं म्हणजे वजन. आणि पुन्हा निघायचं म्हणजे तर..." पुढचं त्यांना बोलवेना.

आठ एकोणपन्नासला, मैदानाचे झेंडे दिसत असताना, गाडीने दोन उसासे टाकले आणि रस्त्याच्या मधोमध, अत्यंत किफायतशीरपणे, ती बंद पडली.

इथे एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. आकडा खरा असता, तर पेट्रोल उरलं असतं. म्हणजे आकडा खोटं बोलत होता, आणि गेले कित्येक महिने बोलत होता. कांदे दहा ग्रॅम कमी भरल्याबद्दल तराजू जप्त करणाऱ्या निरीक्षकाला ही शंका एकदाही आली नव्हती. कारण तराजू दुसऱ्याचा होता आणि आकडा स्वतःचा.

मागून हॉर्न सुरू झाले. (आनंदाचे.)

"किती राहिलंय?" तोफेने विचारलं.

"सहाशे मीटर. तू उतर आणि जरा ढकल, मी बाजूला घेतो."

तोफ उतरली. डिकीवर दोन्ही हात टेकले, पाय रोवले, श्वास घेतला. दीड हजार किलोची सेडान आधी हलली नाही, मग नाइलाज झाल्यासारखी हलली, मग चक्क चालू लागली. बाबांनी ती बाजूला घ्यायला स्टिअरिंग वळवलं, आणि त्यांची नजर डॅशबोर्डवर पडली. चावी चालूच होती. चाकं फिरत होती. अंतर वाढत होतं, आणि पेट्रोल शून्य लागत होतं!

सहा सिलिंडरच्या इतिहासात इतकी काटकसर कुणी पाहिली नसेल. बाबांनी स्टिअरिंग सरळ केलं.

"थांबू नकोस!" ते ओरडले. "मस्त चाललंय! थांबू नकोस, बाळा!"

बाळाला वाटलं, हे आपल्यासाठी आहे. बाबांनी तिला असा धीर कधी दिला नव्हता. तिला हुरूप आला. शंभर मीटर झाले. दोनशे झाले. घाम डोळ्यांत उतरला, दंड थरथरायला लागले. मैदानातून भोंग्याचा आवाज आला, नावं पुकारण्याची तयारी चालली होती.

"बाबा, किती वाजले?" ती ओरडली.

"चौदा!" आतून आनंदाने उत्तर आलं.

तिने मान वर केली. मागच्या काचेतून तिला दिसलं, की एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून बाबा समोरचा फोटो काढतायत.

तोफेने पुन्हा मान खाली घातली. तिने डावा पाय पुढे रोवला, उजवा खांदा डिकीला लावला, आणि वर्षभर बाईंनी जे शिकवलं होतं ते सगळं त्या एका धक्क्यात घातलं. गाडी एकटीच सुटली आणि आठदहा मीटर जाऊन रस्त्याकडेच्या कचराकुंडीला हळूच टेकून थांबली. बाबांनी या वेळीही ब्रेक दाबला नाही.

आठ अठ्ठावन्नला तोफ पळत सुटली. नाव पुकारलं तेव्हा ती फाटकात होती, आणि तिने "हजर!" अशी आरोळी ठोकली, की पुकारणाऱ्याचा कर्णा खाली पडला. अंगात धग होतीच. पहिलाच गोळा तिच्या नेहमीच्या अंतरापेक्षा अडतीस सेंटिमीटर पुढे पडला. दीड हजार किलोनंतर तीन किलोला तो काय जीव! ती दुसरी आली. निवड झाली. आईने तिला डबा दिला आणि बाबा कुठे आहेत ते विचारलं नाही.

संध्याकाळी मामा आला. बाबांनी कागद, सह्या आणि फोटो त्याच्यापुढे मांडले. पुराव्यात खोट नको म्हणून त्यांनी पूर्ण दर्शनी भाग टिपला होता: आकडा, घड्याळ, समोरचा रस्ता, वरचा आरसा.

"चौदा आहेत खरे," मामा मिशीला हात लावत म्हणाला. मग त्याने फोटो मोठा केला. "पण दाजी, आरशात ही लालबुंद कोण?"

आरशात मागची काच होती आणि काचेपलीकडे, दात आवळलेली, कपाळाला केस चिकटलेली, त्यांची मुलगी. बाबांनी तो फोटो दिवसभरात दहा जणांना पाठवला होता. दहाही वेळा त्यांनी फक्त आकडा पाहिला होता.

अकराव्या वेळी त्यांनी आरसा पाहिला. मग उठले, फ्रिजपाशी गेले आणि परिपत्रक क्रमांक सातवर कन्येच्या वजनापुढे निळ्या शाईत लिहिलं: "तपासून पाहिले. बरोबर आहे."

मिशीचा वाद मात्र मिटेना. मामा म्हणे, धक्का धरायचा नाही. बाबा म्हणत, अटीत "इंजिनाने" असा शब्दच नाही. शेवटी निवाडा साक्षीदारावर सोपवला. साक्षीदाराने दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि अर्धी मिशी उतरवायचा आदेश दिला. डावी.

या पद्धतीचा प्रसार व्हावा अशी निरीक्षकांची अजूनही इच्छा आहे, आणि ज्या वाचकांची गाडी झकास ॲव्हरेज देते, त्यांचं अभिनंदन. फक्त चारचौघांत आकडा सांगण्याआधी त्यांनी वरच्या आरशात एकदा बघून घ्यावं. मागे कुणी दिसलं, तर निदान त्याला पाणी द्यावं. आणि कुणीच दिसलं नाही, तर आपले हात नक्की स्टिअरिंगवर आहेत की डिकीवर, हे तपासून पाहावं.