घंटागाडीतल्या शेळ्या

कानिफनाथला शेळ्या विकायच्या होत्या आणि ग्रामपंचायतीची घंटागाडी दारात उभी होती. तो कंत्राटी ड्रायव्हर, पण तीन वर्षांत गाडी त्याला घरचीच वाटू लागली होती. तिच्यातून सासूबाई दवाखान्यात गेल्या होत्या, मेव्हण्याच्या लग्नाची भांडी आली होती. त्याने गाडी धुतली, मागे दोन शेळ्या चढवल्या, शेजारी बायको सविताला बसवलं आणि घोडेगावच्या बाजाराची वाट धरली.

चावी फिरवताच भोंगा सुरू झाला, "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा..."

"त्ये बंद करा की," सविता म्हणाली.

"वायर इंजिनालाच जोडलीय. भोंगा बंद केला की गाडी बंद पडती."

पुढच्याच गावात बायका बादल्या घेऊन रस्त्यावर आल्या. तिथे आजवर घंटागाडी फिरकलीच नव्हती. "आमची दया आली म्हनायची कुनाला तरी," म्हणत एक म्हातारी गाडीपुढेच उभी राहिली. नाही म्हणायची कानिफनाथची छाती झाली नाही. कोबीची पानं शेळ्यांनी खाल्ली, उरलेलं त्यांच्या अंगावर साचलं. पुढच्या दोन गावांतही तेच. बाजारात पोचेपर्यंत मागे नुसती शिंगं दिसत होती. गिऱ्हाइकं लांबूनच नाक धरून परतली.

तेवढ्यात ग्रामसेवक वैजनाथरावांचा फोन आला. "गाडी कुठंय?"

"वॉर्ड दोनमधी, साहेब."

मागे शेळी ओरडली.

"त्या गावांतनं गाडीचा व्हिडिओ आलाय मला," वैजनाथराव शांतपणे म्हणाले. "उद्या ऑफिसात ये. तालुक्याचे साहेब येणार आहेत."

नोकरी गेली तर कोयता घेऊन ऊसतोडीला जावं लागणार, हे दोघांनाही न बोलता कळलं. "खरं काय ते सांगून टाका," सविता एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कानिफनाथ साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. "चुकलं साहेब. त्या शेळ्या मी..."

"त्याच तर पाहिल्या मी व्हिडिओत," साहेब म्हणाले. "ओल्या कचऱ्याची गाडीतच विल्हेवाट. शिवाय शेजारच्या गावांनाही सेवा. कल्पना कुणाची ही?"

वैजनाथराव खुर्चीतून उठले. "माझीच, सर."

तिथल्या तिथे आदेश निघाला. ही गाडी रोज त्या तिन्ही गावांत जाईल, शेळ्यांसह. आणि कानिफनाथच्या गावाचं नाव 'आदर्श गाव' म्हणून वर पाठवलं जाईल.

साहेबांची जीप गेल्यावर कानिफनाथने भीत भीत विचारलं, "मंग आपल्या गावातला कचरा कोन उचलनार?"

वैजनाथरावांनी फाइल मिटली.

"आपलं गाव आता आदर्श आहे. आदर्श गावात कचरा नसतो."