डॉक्टरांची थट्टा : एक प्रलंबित प्रश्न

अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्या खालोखाल माणसाला कशाची गरज असेल, तर ती आपली खिल्ली उडवणाऱ्या चार माणसांची. पहिल्या तीन गोष्टींसाठी जगात खाती आहेत, योजना आहेत, भाषणं आहेत. चौथीची व्यवस्था सर्वस्वी लोकांवर सोडलेली आहे, आणि म्हणूनच ती नीट चालते.

आमच्या 'कुंडीतली शेती' या ग्रुपवर ती कशी चालते, ते सावकाश सांगतो. मला घाई नाही. मी दुपारी लहान मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवतो, आणि जो माणूस हातच्याची वजाबाकी शिकवतो त्याला घाई करून कधीच भागत नाही.

ग्रुपचा अधिकृत उद्देश असा : गच्ची, बाल्कनी व खिडकी यांत भाजी पिकवणाऱ्यांनी एकमेकांस मार्गदर्शन करावे. (आजवर झालेले एकूण मार्गदर्शन : 'पाणी कमी घाला.' ज्याला ते केलं, त्याचं रोप प्लास्टिकचं निघालं.) प्रत्यक्ष कामकाज असं की रविवारी सकाळी प्रत्येकाने आपल्या कुंडीचा फोटो टाकायचा, आणि उरलेल्यांनी त्या कुंडीची, कुंडीच्या मालकाची आणि वेळ उरल्यास मालकाच्या सासरची शोभा करायची.

एक उदाहरण देतो. उदाहरणाशिवाय मुलांना समजत नाही, आणि मोठ्यांना उदाहरण देऊनही समजत नाही, पण देतो.

विजेची कामं करणाऱ्या मिस्त्रींनी एका रविवारी आपल्या वांग्याचा फोटो टाकला. ग्रुपच्या ॲडमिन काकूंनी (बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त, त्यांच्या काउंटरवर नोटासुद्धा पाठ ताठ करून बसत) लगेच लिहिलं, "मिस्त्री, हे वांगं आहे की उडालेला बल्ब?"

मिस्त्री म्हणाले, "काकू, निदान दिसतं तरी. तुमची मिरची बघायला मी चष्मा पुसला, मग फोन पुसला. शेवटी कळलं की तो डाग नव्हता, मिरचीच होती."

यावर सलूनवाल्याने (आम्ही त्याला वस्तरा म्हणतो) दोघांनाही उद्देशून लिहिलं, "भांडू नका. दोघांचं पीक एकत्र केलं तरी एका मुंगीचं जेवण होणार नाही."

या संवादानंतर तिघांचाही दिवस उत्तम गेला. ग्रुपवरच्या एकूण आनंदापैकी नव्वद टक्के आनंद अशा अपमानांतून निर्माण होतो. उरलेला दहा टक्के फोटो हलल्यामुळे होतो.

या सुखी समाजात एकच माणूस वंचित होता. ते म्हणजे दातांचे डॉक्टर.

डॉक्टरांचे टोमॅटो लाल, गोल आणि एकसारखे असतात. फोटो आला की खाली ओळीने येई : 'वा!', 'सुंदर!', 'छान डॉक्टर!' आणि मग अंगठे. डॉक्टरांना शंका आली, की आपले टोमॅटो चांगले आहेत म्हणून लोक बोलत नसतील. म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी मुद्दाम वाळलेल्या रोपाचा फोटो टाकला. 'वा, किती नैसर्गिक!' असा प्रतिसाद आला. त्यापुढच्या रविवारी त्यांनी रिकामी कुंडी टाकली. वस्तऱ्याने लिहिलं, 'काय सुंदर माती!'

या आदराचं कारण वैद्यकीय होतं. ग्रुपवरच्या सगळ्यांच्या दाढा डॉक्टरांच्याच ताब्यात आहेत. माणूस खुर्चीत मागे रेलून, आ वासून पडलेला असावा, हातात गुर्रगुर्र करणारं यंत्र घेऊन डॉक्टर वर वाकलेले असावेत, आणि त्यांनी सहज विचारावं, 'रविवारी माझ्या टोमॅटोला काय म्हणालात?' हा प्रसंग ज्याला डोळ्यांपुढे आणता येतो, तो थट्टा करत नाही.

शेवटी डॉक्टरांनी ग्रुपवरच विचारलं, "मंडळी, सगळ्यांना बोलता. मलाच का नाही? मी तुमच्यातला नाही का?"

काकूंनी उत्तर दिलं, "वा! सुंदर प्रश्न!"

त्याच दुपारी डॉक्टर माझ्या वर्गात आले. मोठी खुर्ची माझ्याखाली असल्यामुळे ते मुलांच्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. मुलं खळखळून हसली. डॉक्टरांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तहानलेल्याला कोणी पाणी दिलं.

"बघा सर, यांना जमतं," ते म्हणाले. "मी ग्रुप सोडतोय."

"का बरं?"

"दवाखान्यात जे माझ्याशी बोलतात, त्यांच्या तोंडात कापूस असतो. बायको नोकरीसाठी दुसऱ्या गावी. दिवसभरात मला उलट बोलणारं माणूस नाही, सर. रविवारी वाटतं, आज तरी कोणी काहीतरी म्हणेल."

"काय म्हणेल?"

"काहीही! टोमॅटोला रंग लावलाय म्हणा. माझं डोकं त्यांच्याहून गोल आहे म्हणा. या रविवारी कोणी काही बोललं नाही, तर मी निघालो."

प्रश्न गंभीर होता. मी तो योग्य त्या ठिकाणी मांडला. योग्य ठिकाण म्हणजे आमचा दुसरा ग्रुप, 'कुंडीतली शेती (डॉक्टर सोडून)'.

नीट चाललेल्या प्रत्येक ग्रुपला असा एक जोडग्रुप असतो. घराला जशी मागची खोली. तिथे डॉक्टरांइतकं लाडकं कोणीच नव्हतं. 'झाडालासुद्धा आ करा म्हणत असतील, म्हणून एवढी फळं', 'तोडण्याआधी टोमॅटोला भूल देतात', 'टोमॅटो दुकानातून आणून फांदीला बांधतात' असं उत्तमोत्तम साहित्य तिथे रोज जमा होई. म्हणजे डॉक्टरांची थट्टा होत नव्हती असं नाही. ती लाभार्थ्यापर्यंत पोहोचत नव्हती, इतकंच.

सविस्तर चर्चेअंती ठरलं, की प्रायोगिक तत्त्वावर एक सौम्य थट्टा मुख्य ग्रुपवर करावी. मसुदा काकूंनी केला : 'डॉक्टर, आपले टोमॅटो किंचित जास्तच गोल आहेत, असे काहींचे मत आहे. गैरसमज नसावा.'

"काहींचे म्हणजे कोणाचे, असं विचारतील," वस्तरा म्हणाला. त्याचं रूट कॅनॉल अर्ध्यावर होतं. म्हणून 'काहींचे मत' काढलं. 'जास्तच' हा शब्द मिस्त्रींना झोंबणारा वाटला. 'जास्तच' गेल्यावर 'किंचित'ला काम उरलं नाही. 'गैरसमज' म्हटलं की गैरसमज होतो, असं मी अनुभवाने सांगितलं. अंतिम मंजूर थट्टा अशी राहिली : 'डॉक्टर, आपले टोमॅटो गोल आहेत.'

रविवारी ती काकूंनी टाकली. डॉक्टरांनी वाचली.

"धन्यवाद," त्यांनी लिहिलं. मग थोड्या वेळाने, "मंडळी, येतो मी. सर्वांनी दात घासत जा."

आता फक्त एक बटण दाबायचं उरलं होतं, आणि ते दाबलं की डॉक्टर गेलेच. मागच्या खोलीत पळापळ झाली. मिस्त्रींनी उभ्या जन्मात एक वायर चुकीच्या ठिकाणी जोडली नव्हती. त्यांनी घाईघाईने खालील मजकूर लिहिला आणि तो मुख्य ग्रुपवर पाठवला :

"अरे थांबवा त्यांना कोणीतरी! हा माणूस गेला तर आपण बोलायचं कोणाबद्दल? दुकानातले टोमॅटो दात साफ करायच्या दोऱ्याने फांदीला बांधतो, आणि तो दोरासुद्धा वापरलेला! असा माणूस परत मिळेल का?"

चूक लक्षात येताच मिस्त्रींनी संदेश पुसला. पुसताना त्यांनी 'फक्त माझ्यापुरता' हा पर्याय निवडला. त्यामुळे तो संदेश आता सगळ्या ग्रुपला दिसत होता, एकट्या मिस्त्रींना सोडून. मोकळं मोकळं वाटून त्यांनी वर 'सुप्रभात' लिहिलं आणि एक फूल टाकलं.

काकूंचा हात आपोआप गालाकडे गेला, असं त्यांनी नंतर सांगितलं. वस्तऱ्याने दुसऱ्या गावातल्या दंतवैद्यांची चौकशी सुरू केली.

मग डॉक्टरांचं उत्तर आलं.

"वापरलेला नाही. कोरा आहे. पुदिन्याच्या वासाचा."

पाठोपाठ दुसरं : "मिस्त्री, मंगळवारी तुमची दाढ आहे ना? वाईट बातमी. भुलीचं औषध सगळं टोमॅटोंना संपलं."

काकूंनी लिहिलं, "डॉक्टर, मिस्त्रींना भूल कशाला? ते जन्मापासून भुलीतच आहेत."

"आणि काकू, तुमची कवळी परवा खुर्चीतच राहिली. मिरची समजून मी तिला पाणी घातलं."

पुढे दुपारपर्यंत जे झालं ते मुलांसमोर वाचण्यासारखं नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "'आपण बोलायचं' म्हणजे कुठे बोलता?" काकूंनी, चुकून जास्त दिलेली नोट परत मागावी तशा निर्विकारपणे, त्यांना मागच्या खोलीत घेतलं. डॉक्टरांनी तिथला सगळा जुना मजकूर वाचून काढला आणि प्रत्येक थट्टेला, ती कितीही शिळी असो, स्वतंत्र उत्तर दिलं. दवाखान्यात बाहेर बसलेल्यांनी आतून हसण्याचा आवाज ऐकला, आणि दोघे घाबरून घरी गेले. त्या जोडग्रुपच्या नावाला आता अर्थ न उरल्यामुळे तो रीतसर बंद करण्यात आला.

डॉक्टर राहिले. प्रश्न सुटला. आता ग्रुपवर भेदभाव नाही.

हल्ली माझ्या फोनमध्ये मात्र थोडा बिघाड आहे. परवा आम्ही सगळे काकूंच्या गच्चीवर जमलो होतो, तेव्हा चौघांचे फोन एकदमच वाजले, चौघं एकदमच हसले, आणि माझा वाजला नाही. मी फोन मिस्त्रींना दाखवला. त्यांनी तो उघडून, हलवून, कानाला लावून पाहिला आणि आतली वायर सैल असल्याचं सांगितलं. डॉक्टरांनीही दुजोरा दिला. बाकी माझं उत्तम चाललं आहे. कोथिंबीर पेरण्याविषयी मी नुकताच अकरा भागांचा संदेश लिहिला. अकरावा भाग पोहोचण्याआधीच 'वा सर!', 'अप्रतिम!', 'मार्गदर्शन लाभलं!' अशी उत्तरं आली. लोकांचा वाचनाचा वेग किती वाढला आहे, हे पाहून शिक्षकाला समाधानच वाटतं.

तुम्हीही कुठल्यातरी ग्रुपवर असालच. हे वाचून झालं की तो उघडा आणि तुमच्या शेवटच्या फोटोखाली मित्रांनी काय लिहिलंय ते बघा. शिव्या असतील तर काळजीचं कारण नाही. 'वा!', 'सुंदर!', 'छान!' असं ओळीने असेल, तर फोन एकदा मिस्त्रींकडे पाठवून द्या. ते पैसे घेत नाहीत, फक्त हसतात.