नकाशातला लाल डाग

फौजदार साहेबराव वाघमारे नांदेडहून प्रशिक्षण घेऊन आले ते संगणकात नवा नकाशा घेऊनच. चोऱ्या कुठं कुठं झाल्या तेवढं त्यात भरायचं. चोर ज्या भागात राहत असावा तो भाग नकाशा आपोआप लाल करतो.

साल दुष्काळाचं. मुदखेडजवळच्या त्यांच्या गावात टँकरसाठी दारोदार मांडलेली पाण्याची पिपं चोरीला जात होती आणि ठाण्यात तक्रारींचा पाऊस पडत होता. साहेबरावांनी मोठ्या साहेबांना फोनवर शब्द दिला, चोर आजच सापडेल, नकाशा कुणाची भीडभाड ठेवत नाही.

हवालदार हणमंतानं ठिकाणं भरली. पडदा बघून त्यानं तो साहेबरावांकडं वळवला.

"साहेब, लाल झालंय ते तुमचं घर हाय."

पुन्हा भरलं, तरी तेच. आता माघार घ्यावी तर गावभर हसं. शेवटी साहेबराव दोन पंच घेऊन स्वतःच्याच घराची झडती घ्यायला निघाले. मागून केरबा, नागुबाई, भीमा, सगळे तक्रारदार आपसूक आले.

साहेबरावांची आई सुमनबाई दारात ज्वारी निवडत होती. मागच्या अंगणात एक निळं पीप होतं.

"हे माजं," केरबा म्हणाला.

साहेबरावांनी आईला विचारलं, हे आणलंस कुठून?

"केरबाच्या दारातून," सुमनबाई सुपावरून नजर न काढता म्हणाली. "आपलं लई गळत होतं. फुकट न्हाई आणलं, आपलं तितं ठिवून आले."

सगळ्यांनी केरबाकडं पाहिलं. मग ते गळकं पीप गेलं कुठं? केरबा मान खाजवू लागला. त्यानं ते नागुबाईच्या दारात ठेवून तिचं उचललं होतं. नागुबाईनं भीमाच्या दारात सरकवलं, भीमानं पुढच्या आळीत. अशानं एकच गळकं पीप गावभर फिरलं, आणि जो तो आपण काय केलं तेवढं गाळून तक्रार देऊन आला होता.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. चोर सापडला का?

साहेबरावांनी भरलेल्या अंगणावरून नजर फिरवली. "सापडले साहेब. पण एका गाडीत मावणार नाहीत."

मोठे साहेब भलतेच खूश झाले. लागेल तेवढी मोठी गाडी पाठवतो म्हणाले.

सुमनबाईनं सूप खाली ठेवलं. "मोठी गाडी धाडून राहिलेत, तर टँकरच धाडा म्हनावं."