एक किरकोळ गोष्ट आणि तीन लीक

कुणी एखादी गोष्ट कितीही लहान करून सांगू दे, तिचं खरं माप मला अचूक कळतं! इंग्लंडच्या उत्तरेला आमच्या नॉर्थम्बरलंडात हे यावंच लागतं. खाणीत वडिलांच्या पायावरून कोळशाची गाडी गेली तेव्हा ते म्हणाले, "जरा मुरगळलाय." माझ्या बायकोने, एडनाने, कळा सुरू झाल्यावर ड्रायव्हरला विचारलं, "विशेष काही नाही, पण बस थोडी जोरात जाईल का?" मुलगा त्याच बसमध्ये झाला.

तर लीकच्या प्रदर्शनाचा आदला दिवस. माझ्या वाफ्यात तीन लीक उभे, कांद्याच्या पातीचे पहिलवान भाऊच, एकेक दंडाएवढा जाड! तेवीस वर्षं पहिल्या बक्षिसाचा कप शेजारच्या ॲल्विनकडे जात होता. यंदा तो माझाच होता.

बरोबर चार वाजता ॲल्विन दारात हजर.

"घाई नाही रे विल्फ," तो म्हणाला. "एक किरकोळ गोष्ट होती. तुझा चहा होऊ दे आधी."

मी मनात माप घेतलं. किरकोळ म्हणजे अर्धा तास तरी सहज हाताशी आहे. शिवाय तडक "काय झालं?" विचारणं आमच्याकडे फार असभ्य! मी त्याला आत बसवून चहा ओतला.

"पाऊस बरा आहे यंदा," तो म्हणाला.

"वाईट नाही," मी म्हणालो.

चहाचा दुसरा कप झाला. "आमची शेळी जरा सुटलीये," तो म्हणाला.

"सापडेल की!"

"सापडलीये तशी." त्याने बिस्किट चहात बुडवलं. "तुझ्या वाफ्यात आहे थोडीशी."

"थोडीशी?"

"म्हणजे डोकं आणि पुढचे पाय."

तेवढ्यात खिडकीपाशी उभी असलेली एडना म्हणाली, "विल्फ, तुझे लीक किंचित आखूड झालेत का रे?"

मी धावलो! दोन लीक गायब होते आणि तिसऱ्याची पात शेळीच्या तोंडातून लोंबत होती. अकरा महिने मी त्यांना पावसाचं साठवलेलं पाणी पाजलं! एडनाचा वाढदिवस चुकवला तोही त्यांच्यापायी! शेळीला आणि ॲल्विनला एकाच दोरीने बांधून समुद्रात सोडावं असं वाटलं.

"फार नुकसान झालं का रे?" मागून येत ॲल्विनने विचारलं.

आणि मी काय म्हणालो? "छे, छे! मामुली. तसे साधेच होते ते."

"मग बरं झालं बाबा," तो म्हणाला, शेळी घेऊन गेला, आणि रात्री म्हणे छान झोपला.

दुसऱ्या दिवशी कप चोविसाव्यांदा ॲल्विनला. यशाचं रहस्य काय, असं अध्यक्षांनी विचारलं.

"विशेष काही नाही," तो म्हणाला. "शेळीची थोडी मदत झाली."

सगळा हॉल हसला. एडना माझ्या कानाशी लागली. "राग आला का रे?"

"किंचित," मी म्हणालो, आणि हातात दुमडून गेलेला चहाचा चमचा सरळ करत बसलो.